समाप्तनंतरचं प्रकरण

“बाई, खरं काय ते सांगा. शेवट तुम्ही बदललाय?”

शिरगुप्प्यांनी मला हे शाळेच्या फाटकातच विचारलं. शनिवारची सकाळची शाळा नुकतीच सुटली होती आणि पोरं आमच्या दोघांच्या अंगावरून धावत होती. शिरगुप्पे म्हणजे कोल्हापूरचे प्रकाशक. माझं पहिलं आणि तोवरचं एकुलतं एक पुस्तक त्यांनी काढलं होतं. एरवी विट्याला आले की आधी चहा, मग माझ्या तब्येतीची चौकशी, मग कोल्हापुरातल्या साहित्यिकांची निंदा, असा त्यांचा क्रम असे. त्या दिवशी साधा नमस्कारसुद्धा केला नाही.

“कशाचा शेवट?” मी विचारलं.

“‘अखेरचं यान’चा. दुसरं काय लिहिलंय तुम्ही? काल हसब्यांचा मुंबईहून फोन आला होता. कुणीतरी त्यांना पुस्तक नेऊन दिलं. नुसते भडकलेत. म्हणाले, माझ्या चित्रपटाचा शेवट त्या बाईनं उलटा केलाय. उद्या तुमच्या वाचनालयात चर्चा आहे न्हवं? तिथं येणार आहेत. चारचौघांत विचारणार तुम्हाला.”

“आणि?”

“आणि काय? उत्तर पटलं तर ठीक. नाही पटलं तर पुस्तक मागं घ्यायचं आणि सगळ्या प्रती रद्दीत घालायच्या.”

“शिरगुप्पे, मी एक अक्षरही बदललेलं नाही हो. तीनदा चित्रपट पाहून लिहिलंय. पहिल्या दृश्यापासून शेवटच्या दृश्यापर्यंत, जसंच्या तसं.”

“मलाबी तसंच वाटतंय. पर ज्यानं चित्रपट काढला तोच म्हणतोय न्हाई म्हणून. आता खरं कुणाचं धरायचं?”

मी फाटकाबाहेर पडून सरळ घरचा रस्ता धरला.

चित्रपट जालिंदर हसब्यांचा. लेखक तेच, दिग्दर्शक तेच आणि पैसा घालणारेही तेच. माणूस आमच्याच तालुक्यातला, रेवाचीवाडीचा. तरुणपणी मुंबईला गेला, स्टुडिओत पडेल ते काम करता करता एडिटिंग शिकला आणि एक दिवस त्यानं चक्क अवकाशयानाचा मराठी चित्रपट काढला. यान थर्माकोलचं होतं आणि तारे बहुधा लग्नाच्या मांडवातल्या दिव्यांचे. शहाण्या लोकांनी खूप टिंगल केली आणि चित्रपट पडला. पण मी त्या वर्षी नाशिकहून विट्याच्या शाळेत विज्ञान शिकवायला आले होते, गावात ओळखीचं कुणी नव्हतं, आणि तो चित्रपट पाहून मी रडले होते. शिक्षिकेनं टॉकीजमध्ये रडणं शोभत नाही म्हणून पदर तोंडात धरून रडले होते.

गोष्ट साधी. शेखर नावाचा तरुण दूरच्या ताऱ्याकडे निघतो. आई खेड्यात एकटी. सरकार तिच्या चुलीशेजारी एक बिनतारी यंत्र बसवून देतं आणि त्यावरून ती रोज लेकाशी बोलते. पण यान जसजसं लांब जातं तसतसा आवाज पोचेनासा होतो. यानातला काळ हळू चालतो आणि जमिनीवरचा भराभर. शेखर परत येतो तेव्हा त्याचे केस अजून काळेच असतात. घर मात्र रिकामं असतं. तो विझलेल्या चुलीपाशी बसतो, त्या यंत्रावरची धूळ पुसतो आणि कळ फिरवतो. पडद्यावर ‘समाप्त’ अशी अक्षरं येतात.

आणि मग, समाप्तनंतर, आई दिसते. म्हातारी झालेली. त्याच चुलीपुढे बसून त्याच यंत्रात बोलणारी. म्हशीचं सांगते, पावसाचं सांगते, “घाई करू नगंस,” म्हणते, आणि बोलता बोलता भिंतीला डोकं टेकून डोळे मिटते. दिवा तेवढा जळत राहतो. म्हणजे आईचे शब्द इतकी वर्षं कुठंतरी वाटेत होते आणि लेक घरी आल्यावर त्याच्यापर्यंत पोचले. काळाच्या पलीकडून भेट झाली. मी विज्ञानाची शिक्षिका. मला तर ती करामत विलक्षण वाटली. समाप्त म्हणून झाल्यावर चित्रपटाचा प्राण दाखवायचा! निम्मं थिएटर समाप्तची पाटी पाहून धडपडत उठून गेलं, तेव्हा मी मनात म्हटलं, किती अरसिक लोक आहेत इथले.

पुढे शिरगुप्पे चित्रपटांवरून कादंबऱ्या काढतात असं कळलं. मी त्यांना गाठलं. त्यांनी हसब्यांना फोन लावला. हसब्यांनी परवानगी दिली, एकाच अटीवर. जसा आहे तसा लिहा, पदरचं काही घालू नका. मी इतकी इमानी की पुस्तकातसुद्धा आधी ‘समाप्त’ छापून घेतलं आणि त्यानंतर आईचं प्रकरण घातलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, म्हणतात तसं झालं. पण मारुती कुठं झाला, तेच मला कळत नव्हतं.

त्या रात्री मी पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचलं. चूक सापडली असती तर बरं वाटलं असतं, इतकी माझी अवस्था वाईट होती.

आमच्या वाचनालयातल्या चर्चेची पद्धत जगावेगळी होती. वाचनालयाचे अध्यक्ष गुळवणी वकील. कोर्टात साक्षीपुरावे घेऊन घेऊन त्यांनी साहित्यालाही तोच कायदा लावला होता. लेखकाला पुढे खुर्चीवर बसवायचं, वाचकांनी सतरंजीवर बसून एकेकानं उठून बोलायचं, आणि सगळ्यांचं बोलून होईपर्यंत लेखकानं तोंड उघडायचं नाही. उघडलं तर दंड म्हणून सगळ्या सभेला चहा. आजवर दोन कवींनी आणि एका नाटककारानं असा चहा पाजला होता.

रविवारी दुपारी मी त्या खुर्चीवर बसले तेव्हा हॉल भरला होता. पुढे सतरंजीवर रेवाचीवाडीची मंडळी. त्यांच्या गावच्या माणसाच्या चित्रपटावरचं पुस्तक म्हणून वाडीच्या बालवाडीच्या बाई, लीलाताई मेटकरी, दहा-पंधरा जणांना घेऊन आल्या होत्या. त्यांच्या मागे विट्यातली मंडळी, त्यांत कॉलेजचे प्राध्यापक निकम. शिरगुप्पे दारापाशी उभे राहून सारखे रस्त्याकडे बघत होते. हसबे अजून आले नव्हते. रस्त्यावर कुठली गाडी थांबली की मीही दाराकडे बघे.

“सुरुवात करू या,” गुळवणी म्हणाले. “पाहुणे येतील तेव्हा येतील. बाई, कायदा ठाऊक आहे ना?”

मी मान हलवली.

पहिल्या लीलाताई उठल्या. “म्या ह्ये पुस्तक वाडीत मोठ्यानं वाचून दावलं,” त्या म्हणाल्या. “रोज सांजचं थोडं थोडं. बाया यायच्या, म्हातारी माणसं यायची. समद्यास्नी आवडलं. पिच्चर आमी समद्या गावानं मिळून बघितला हुता. खरं सांगू का? पिच्चरपरीस पुस्तक चांगलं हाय. पिच्चरमदी पोरगं येतं, घर मोकळं बघतं, अन् खलास. जीव नुसता जळत ऱ्हायला आमचा. बाईंनी म्होरं आईचं बोलनं घातलं, त्येनं लई बरं वाटलं. त्ये पिच्चरमदी न्हाई, पर पाहिजे हुतं. बाईंनी आपल्या मनानं घातलं, झ्याक केलं.”

मी खुर्चीत ताठ झाले. आपल्या मनानं? अहो, चित्रपटात आहे ना ते! मी गुळवणींकडे पाहिलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

वाडीचे आणखी दोघे बोलले. दोघांचंही म्हणणं तेच. आईचं प्रकरण बाईंनी पदरचं घातलं आणि फार छान घातलं. माझ्या कौतुकाचा एकेक शब्द माझ्याविरुद्ध पुरावा होत होता. आता फक्त हसबे यायचे बाकी होते.

मग निकम उठले. निकमांना शब्द तोलूनमापून टाकायची सवय.

“मला लीलाताईंच्या मताचं आश्चर्य वाटतं. आईचं ते प्रकरण चित्रपटात आहे. मी स्वतः पाहिलंय. माझी तक्रार वेगळी आहे. बाईंनी ते उचलून भलत्या जागी टाकलंय. मूळ चित्रपटात आई आधी बोलते, वाट पाहून पाहून जाते, आणि मग मुलगा परत येतो. ती शोकांतिका आहे. बाईंनी क्रम फिरवला आणि तिची गोड गोष्ट करून टाकली. हा मूळ कलाकृतीवर अन्याय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.”

मागच्या विट्याच्या मंडळींनी माना डोलावल्या. “बरोबर आहे, बरोबर आहे.”

वाडीचे लोक म्हणत होते, नसलेलं घातलं. विट्याचे लोक म्हणत होते, असलेलं हलवलं. आणि मी माझ्या डोळ्यांनी तीनदा जे पाहिलं ते दोघांच्याही सांगण्यात नव्हतं. क्षणभर मला माझ्याच डोक्याची शंका आली. नव्या गावातल्या एकटेपणानं मी काहीतरी भलतंच पाहिलं की काय? अशानं माणसं ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात भरती होतात, हे मला ऐकून माहीत होतं.

तेवढ्यात पुढच्या रांगेतला एक म्हातारा काठी टेकत उठला. डोक्याला मळकं मुंडासं, अंगात पांढरी बंडी. लीलाताईंनी त्याला हातानं आधार दिला आणि हळूच काहीतरी सांगितलं. त्यानं तो हात झटकून टाकला.

“हे आबा. आमच्या वाडीचंच,” लीलाताई ओशाळून म्हणाल्या.

“मला वाचाय येत न्हाई,” म्हातारा म्हणाला. “हिनं वाचलं, म्या ऐकलं. आवडलं का न्हाई त्ये मला इचारू नगा. मला येकच इचारायचं हाय. त्या बाईचं बोलनं हाय न्हवं शेवटाला? ‘घाई करू नगंस. हातातलं काम टाकून येऊ नगंस.’ ह्ये बोलनं मास्तरीनबाईला कुणी सांगितलं?”

हॉलमध्ये कुजबूज झाली. वाडीची माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

“आबा, लेखकाला प्रश्न शेवटी विचारायचे असतात,” गुळवणी म्हणाले.

“मला शेवटपतूर थांबाय जमायचं न्हाई,” म्हातारा म्हणाला. त्याचा आवाज मोठा नव्हता, पण गुळवणी वकिलांनी कायदा बाजूला ठेवला.

“बाई, द्या उत्तर. दंड माफ,” ते म्हणाले.

मी उठले. “कुणी सांगितलं नाही, आबा. ते चित्रपटातलंच आहे. आई चुलीपुढं बसून तेच बोलते.”

“पिच्चरमदी न्हाई त्ये.”

“आहे हो.”

“म्या बघितला. हितंच बघितला, चंद्रमौळी टॉकीजला. समाप्त म्हंजी समाप्त, येवढं मलाबी वाचता येतं. त्यात असलं कायबी न्हवतं.” तो माझ्याकडे टक लावून बघत होता. राग होता, पण रागाहून दुसरंच काहीतरी जास्त होतं, आणि ते काय ते मला कळेना. “खोटं बोलू नगा, बाई. ह्ये बोलनं जगात दुसऱ्या कुणाला ठावं असायचं कारन न्हाई. तुमास्नी कुटनं मिळालं?”

खोटं बोलू नका, असं मला आयुष्यात कुणी म्हणालं नव्हतं. मी शिक्षिका. हे वाक्य मी इतरांना म्हणायची. डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाच मला भयंकर राग आला.

“मीही तेच विचारायला आलोय,” दारातून कुणीतरी म्हणालं.

मुंबईची इस्त्री असलेला सदरा, दाढीत पांढरे केस, हातात माझं पुस्तक. शिरगुप्पे बाजूला सरकले त्यावरूनच मी ओळखलं. जालिंदर हसबे दारातच उभे होते. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यानं मागे वळून पाहिलं नाही. तो तसाच काठीवर भार टाकून, भिंतीकडे तोंड करून, हळूहळू खाली बसला. वाडीच्या मंडळींनी नजरा चुकवल्या. लीलाताईंनी तर मानच खाली घातली.

“बसा, हसबेसाहेब,” गुळवणी लगबगीनं म्हणाले.

“नंतर बसतो.” हसब्यांनी माझ्यासमोर पुस्तक उघडून धरलं. “बाई, मी एकच अट घातली होती. आठवते?”

“पदरचं काही घालायचं नाही.”

“मग हे काय आहे? समाप्त. आणि त्याच्यानंतर आई. तीन महिने मी ही दोन रिळं एडिटिंगच्या टेबलावर पुढंमागं करत होतो. आई आधी ठेवू का शेवटी ठेवू? शेवटी ठेवली तर पोराला तिचा आवाज ऐकू येतो. सगळं माफ होतं. मला तसं करायचं होतं, बाई. फार करायचं होतं. पण मी नाही केलं. का नाही केलं ते मला ठाऊक. पोराला पोचायला उशीर झाला तर झाला, त्याला आपल्या हातानं वेळेवर पोचवायचं नाही, असं मी ठरवलं. आणि तुम्ही त्याला पोचवून मोकळ्या झालात. कुणाला विचारून?”

“मी पोचवला नाही. मी पाहिलं तसं लिहिलं.”

“असं कसं पाहिलं? माझ्या चित्रपटात असं नाही!”

“आहे,” मी म्हणाले. भीतीच्या पलीकडे गेल्यावर माणूस हट्टी होतो, तशी मी झाले होते. “तीनदा पाहिलाय. तिन्ही वेळा आधी शेखर आला, मग समाप्त झालं, मग आई आली. तुम्ही मला वेडी म्हणा, पुस्तक रद्दीत घाला. पण मी खोटं बोलले असं म्हणू नका.”

हसबे काही बोलणार होते, थांबले. त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं.

“पाहिलात कुठं?”

“इथंच. चंद्रमौळी टॉकीजला.”

“कुठल्या खेळाला?”

“सहाच्या.”

“तिन्ही वेळा?”

“मग कधी जाणार? दुपारी शाळा असते. रात्री नऊच्या खेळाला एकटी बाई कशी जाईल या गावात?”

हसब्यांच्या चेहऱ्यावरचा राग उतरायला लागला. त्यांनी सावकाश पुस्तक मिटलं आणि खिडकीच्या कट्ट्यावर बसले.

“गुळवणीसाहेब,” ते म्हणाले, “चंद्रमौळीत अजून तसंच चालतं?”

“कसं?”

“सहाच्या खेळाला. एसटीसाठी.”

“हो, म्हणजे काय? सगळ्या वाड्यावस्त्यांच्या मुक्कामी गाड्या त्याच वेळेला सुटतात. का बरं?” गुळवणींना त्यात विचारण्यासारखं काय आहे तेच कळलं नव्हतं.

“बाईंना सांगा.”

“काय सांगायचं त्यात? सहाच्या खेळाला शेवटून दुसरं रीळ मागं ठेवून शेवटचं आधी लावतात. खेड्यातल्या लोकांना खेळ संपायच्या आत गाडी गाठावी लागते. बिचाऱ्यांना शेवट न बघताच जायला लागायचं. म्हणून टॉकीजच्या जुन्या मालकांनी पद्धत पाडली, शेवट आधी दाखवायचा. तो बघून लोक गाडीला पळतात. मग राहिलेलं रीळ लावतात. आम्ही गावातले बसून ते बघतो आणि मनात जागच्या जागी लावून घेतो. सवयच आहे.” आणि मग त्यांचा चेहरा बदलला. “अरे! म्हणजे बाई, तुम्हाला...?”

मला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि दुसरा कुठला चित्रपट मी तिथं पाहिलाच नव्हता. कोण सांगणार? सूर्य पूर्वेला उगवतो हे कुणी पाव्हण्याला सांगतं का?

हॉलमध्ये जो हशा पिकला तो मी अजून विसरलेले नाही. निकमसरसुद्धा चष्मा काढून डोळे पुसत हसत होते. “आणि मी अन्याय म्हणालो!” ते म्हणाले. शिरगुप्पे दाराला टेकून “आयला, आयला” करत होते. लीलाताई मात्र हसल्या नाहीत. त्या बाकीच्या वाडीकरांकडे बघत होत्या.

“म्हंजी समाप्तच्या म्होरं आनखी असतंय?” त्या म्हणाल्या. “दर पिच्चरला? आमी कवा बघितलंच न्हाई. पाटी आली की पिशव्या उचलून पळायचं, येवढंच ठावं.”

“मीपण नाही पाहिलं, लीलाताई,” हसबे म्हणाले. ते हसत होते, पण आवाज नीट नव्हता. “मुंबईला जाईपर्यंत मी एकाही चित्रपटाचा तेवढा भाग पाहिला नव्हता. मला वाटायचं, चित्रपटात असंच असतं. एकदम शेवट होतो. मधलं आपलं आपण समजून घ्यायचं.” ते माझ्याकडे वळले. “बाई, चुकलो मी. तुम्ही खरंच अक्षर बदललं नाही. पण पुस्तकाचं काय करावं, मला समजत नाही. हा माझा शेवट नाही. मी तो घ्यायला घाबरलो होतो.”

माझा खरेपणा सिद्ध झाला होता, आणि पुस्तक अजून तसंच लटकत होतं. शिरगुप्प्यांचं हसू थांबलं. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले.

“त्ये रीळ तू केलं हुतंस?”

म्हातारा उठला होता. या वेळी काठीला टेकला नव्हता. अजूनही तो भिंतीकडेच बघत होता.

हसबे कट्ट्यावरून उतरले. त्यांचा चेहरा एकदम लहान झाला, शाळेतल्या पोराचा होतो तसा. “आबा? तुम्ही इथं?”

“इचारलं त्ये सांग. आईचं बोलनं तू घातलं हुतंस? पिच्चरमदी?”

“घातलं होतं, आबा. तुम्ही गाडीला गेला असाल.”

तेव्हा मला कळलं, हा म्हातारा कोण ते. हॉलमधल्या विट्याच्या लोकांनाही तेव्हाच कळलं असावं, कारण मागची खुसफुस थांबली. गुळवणी माझ्या कानाशी पुटपुटले, “बापलेकांत सहा वर्षं बोलणं नाही. आई गेली तेव्हापासून.”

“म्या पिच्चर बघाय आलो,” आबा म्हणाले. “कुनाला न सांगता, लोकांच्या मागनं. म्हटलं बघावं, पोरानं काय केलंय. तर पोरगं येतं अन् घर मोकळं. चूल इझलेली. उशीर झाला म्हून पोरगं बसतं रडत. म्या समजलो, तू मलाच बोल लावतुयास. समद्या दुनियेम्होरं. त्या दिशी लावलास तसा.”

“नाही आबा...”

“लोकांच्या देखत तू मला इचारलंस. आईला माती देऊन दोन दीस झालं हुतं. अंगनात उभा ऱ्हाऊन इचारलंस, तार येवढी उशिरा का केली? म्या गप ऱ्हायलो. तू गेलास.”

हसब्यांनी हातातलं पुस्तक कट्ट्यावर ठेवलं.

“आता ही बाई म्हनती, त्ये बोलनं तुजं हाय.” आबा पहिल्यांदाच वळले आणि त्यांनी लेकाकडे पाहिलं. “‘हातातलं काम टाकून येऊ नगंस.’ ह्ये तुला कुणी सांगितलं?”

“कुणीच नाही, आबा. आई काय बोलली असती, तेवढं आठवून लिहिलं.”

म्हाताऱ्यानं मुंडाशाच्या शेवानं तोंड पुसलं आणि मग शिरगुप्प्यांकडे हात केला.

“त्ये पुस्तक ऱ्हाऊ द्या. त्यो काय सांगतो? म्या सांगतो. वाडीत अजून लई जनांनी ऐकलं न्हाई.”

शिरगुप्प्यांनी हसब्यांकडे पाहिलं. हसब्यांनी डोळे न उचलता मान हलवली. माझं पुस्तक रद्दीतून वाचलं होतं, आणि त्या क्षणी मला त्याचं काही वाटलं नाही. कुणालाच वाटलं नाही. सगळे त्या दोघांकडे बघत होते.

“ती असंच बोलली, जालू,” आबा म्हणाले. “दमा लई वाढला हुता. म्या म्हटलं, पोराला तार करतो. तिनं माजा हात धरला. म्हनाली, त्येचं काम चाललंय, हातातलं टाकून त्येनं येऊ नगं. बरं वाटंल मला. तार करू नगा. म्या तिचं ऐकलं. दोन दीस ऐकलं. मग तिला बोलाय येईना, तवा तारघरात पळालो.”

हसबे तिथंच सतरंजीवर, बापाच्या पायांपाशी बसले. मुंबईच्या इस्त्रीची त्यांना शुद्ध राहिली नव्हती.

“आबा,” ते म्हणाले, “सहा वर्षं झाली. मला हे कुणी सांगितलं का नाही?”

“कोन सांगनार?” म्हातारा म्हणाला. “मी येकलाच हुतो तितं. अन् आपलं बोलनं कुठं हुतं?”